पहिलं अक्षर

लॅपटॉप बोलेना. यामिनीने तो बंद करून तिसऱ्यांदा सुरू केला. पंख्याची घरघर तेवढी आली. स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज काही आला नाही.

सव्वादहा वाजले होते. अकरा वाजता कंपनीच्या साहेबांना ऑनलाइन काम करून दाखवायचं होतं. त्यावर नोकरी पक्की होणार की जाणार, हे ठरणार होतं. मुलाखतीत याच साहेबांनी विचारलं होतं, "मशीनच बंद पडलं तर? तुम्हाला तर दिसत नाही." ती हसून म्हणाली होती, "बघेन मी." सतराव्या वर्षी ताप उतरला, त्या सकाळी सगळ्यांचे आवाज होते, उजेड नव्हता. आज आवाजही गेला होता.

फोनवर कंपनीचे लॅपटॉप दुरुस्त करणारा ऋषभ होता. कालच्या वादळात वीज गेली, बॅटरी संपली आणि अपडेट अर्धवट राहिलं, हे तिने त्याला सांगितलं.

"सिस्टिम फाइल खराब हो गयी होगी," तो म्हणाला. "ठीक हो जाएगी, मॅडम. पर स्क्रीन पे क्या लिखा है, किसी को पढ़ना पड़ेगा."

स्क्रीनवर कॅमेरा धरायला कंपनीची मनाई होती. नवरा, सलील, शहराच्या दुसऱ्या टोकाला एस्प्लनेडच्या शाखेत ऑडिटला बसला होता. त्याचा फोन बंदच लागत होता. न्यू टाउनच्या त्या फ्लॅटमध्ये आणखी एकच माणूस होतं. सासू.

कालिंदीबाईंना इथे येऊन तीन महिने झाले होते. तेवढ्या काळात त्यांनी यामिनीला एक ओळ वाचून दाखवली नव्हती. औषधाची तारीख विचारली की चष्मा सापडायचा नाही. नाशिकहून लग्नपत्रिका आली, तीही "सलील आला की वाचेल" म्हणून बाजूला पडली. आंधळी सून यांच्या मनातून उतरली आहे, असं यामिनीने धरूनच ठेवलं होतं.

"आई, जरा येता का? स्क्रीनवर काय लिहिलंय?"

पावलं दाराशी येऊन थांबली. "इंग्रजी असेल गं ते. आणि माझा चष्मा..."

"आई, माझी नोकरी जाईल हो!" यामिनीचा आवाज फाटला. "वाचू नका. नुसता अक्षरांचा आकार सांगा. मी ओळखते."

पावलं आत आली. मग खुर्ची सरकली.

"दोन चौकोन आहेत," कालिंदीबाई म्हणाल्या. "वरच्यात पहिलं अक्षर म्हणजे उभी काठी. तिला वर पोट, आणि खाली एक तंगडी पुढे टाकलेली."

"आर," यामिनी फोनमध्ये म्हणाली.

"वो रीसेट है, उसपे मत जाना!" ऋषभ ओरडला. "सब मिट जाएगा!"

यामिनीने बोटं बटणांवरून उचलली. "आणि खालच्यात?"

"तंबू. मधे आडवी दांडी."

"ए," यामिनी फोनमध्ये म्हणाली. ऋषभने त्यावरच जायला सांगितलं. "आई, उजळलेला चौकोन कुठला आहे?"

"पोटवाला."

यामिनीने बाणाचं बटण दाबलं. "आता?"

"तंबू." काचेवरून बोट फिरल्याचा बारीक आवाज आला. "थांब, नीट बघू दे. हो, तंबूच."

तिने श्वास रोखून एंटर दाबलं.

पुढच्या पानावर सापासारख्या अक्षराने सुरू होणारी दोन-तीन नावं होती. कालिंदीबाईंनी त्यांतलं एकेक अक्षर आकाराने सांगितलं, एकही चुकू न देता. एका नावाशी ऋषभ "हाँ, वही" म्हणाला, यामिनीने ते दाबलं आणि दुरुस्ती सुरू झाली. वीस मिनिटं दोघी हातात हात धरून बसल्या. लॅपटॉप एकदा बंद पडला, पुन्हा घरघरला. यामिनी मनात आकडे मोजत राहिली.

"पासवर्ड," लॅपटॉप एकदम बोलला.

यामिनी हसली आणि रडली. अकराला नऊ मिनिटं होती. ऋषभने फोन ठेवला. कालिंदीबाई मात्र उठल्या नाहीत.

"ही लॅपटॉपमधली बाई मराठी वाचते का गं?"

"वाचते की. पण मराठी तर तुम्हाला..." यामिनी बोलता बोलता थांबली.

कालिंदीबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

"मला अक्षर येत नाही, हे सलीलला सांगू नकोस," कालिंदीबाई म्हणाल्या. "त्याच्या जन्मापासून लपवलंय."