वीस दगड

साहेब, तुम्ही फकीरप्पाला चोर म्हणालात. भर मीटिंगमध्ये, बशीत चहा ओतता ओतता. गाडीच्या टाकीला कुलूप लावलंत. त्याच्या परसात डिझेलचे डबे शोधायला माणूस पाठवलात. सगळं तपासलंत, एक गोष्ट सोडून.

गाडी विणकर सोसायटीची; सोसायटीचे चेअरमन तुम्ही. जुनी डिझेल, पण अठ्ठावन्न हजारच चाललेली, चांगल्या घरची, म्हणून चार महिन्यांपूर्वी डोळे मिटून घेतलेली. सूत आणायला, साड्या पोचवायला, कुणी आजारी पडलं तर तालुक्याला न्यायला. फकीरप्पा तिचा ड्रायव्हर. गाडी लिटरला साडेआठ देत होती. हीच गाडी आधी सतरा द्यायची, हे तुम्ही छातीठोक सांगितलंत. म्हणजे अर्धं डिझेल फकीरप्पा विकतो. झाला निकाल.

"सोमवारी मठात ये," तुम्ही म्हणालात. "स्वामींच्या समाधीच्या गद्दुगेवर हात ठेव, सगळ्यांसमोर सांग चोरी केली नाही म्हणून. नाहीतर किल्ली दे."

फकीरप्पा घाबरला, पण चोर होता म्हणून नव्हे. त्यांच्या घरात खरी शपथसुद्धा घेत नाहीत. देवाला साक्षीला ओढलं की तो रिकाम्या हातानं परत जात नाही, असं त्याची आई म्हणायची. आणि नीलव्वाला, त्याच्या बायकोला, सातवा महिना होता. आधीची दोन राहिली नव्हती. शपथ घ्यावी तर पोटातल्या जिवाची भीती. न घ्यावी तर पोर जन्माला येणार चोराच्या घरात.

रविवारी तो गाडी घेऊन दावलसाब मिस्त्रीकडे गेला. दावलसाबनं एअर फिल्टर बदलला. नॉझल काढून साफ केले. चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवली. ब्रेक कुठं धरत नव्हता. टायरात हवा बरोबर. डिझेलचा पाइप बोटानं पुसून हुंगला, तर कोरडा. शेवटी त्यानं सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला आणि फकीरप्पाला रेस द्यायला लावली. रुमालावर नावालाच काजळी.

दावलसाबनं रुमालाची घडी केली.

"अण्णा, साडेआठ देणाऱ्या इंजिनानं रुमाल काळा केला असता. हिच्या पोटात एवढं डिझेल जळतच नाही." तो बराच वेळ हात पुसत राहिला. "मला तरी खरं सांग."

 जेवणाचा डबा घेऊन आलेली नीलव्वा मागं उभी होती. ती बोलली.

"तुम्हाला इंजिनात काही सापडलं नाही, म्हणून माझा नवरा चोर होय मिस्त्री?"

"तसं नाही, अक्का. टाकी तोंडोतोंड भरू, तालुक्याला जाऊन येऊ, परत भरू. किती प्यायली ते कळेल."

"मीपण येते. घरात बसून चोराची बायको ऐकण्यापेक्षा गाडीत ओकलेलं बरं."

पंपासमोरच्या दगडावर 'तालुका २२' लिहिलेलं होतं. टाकीच्या कुलपाची किल्ली तुम्ही पंपवाल्याकडेच ठेवली होती; तिथंच टाकी भरली. दावलसाबनं मीटरचा आकडा पेननं तळहातावर लिहून घेतला. फकीरप्पानं गाडी काढली. दावलसाब शेजारी बसून इंजिनाला कान लावून होता.

गाडीत नीलव्वाला मळमळायचं. म्हणून ती बाहेर, रस्त्याकडेच्या दगडांवर नजर ठेवायची आणि मनात मोजत राहायची. एकवीस गेला, वीस गेला, एकोणीस गेला. 'तालुका २'चा दगड आला तशी ती पुढं वाकली.

"मिस्त्री, हातावर काय लिहिलंय?"

"शेवटचे तीन आकडे, चारशे बारा."

"आणि आता मीटरमध्ये?"

"चारशे बावीस."

"दगड तर वीस गेले."

"परत बोल, अक्का."

"वीस. एकही सोडला नाही मी, सोडला की पोट ढवळतं."

फकीरप्पानं गाडी कडेला घेतली. वेगाचा काटा बरोबर चालायचा, त्यामुळं चार महिने कुणाला शंकाच आली नव्हती. रोजच्या आडवाटा, तिथं दगड असतात कुठं आणि मोजतंय कोण? दावलसाबनं डॅशबोर्डखाली डोकं घातलं, मीटरच्या मागं हात सारला. बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटांत काडेपेटीएवढी काळी डबी होती. दोन्हीकडून वायरी लोंबत होत्या.

"दोन किलोमीटर झाले की मीटरला एकच सांगायचा, एवढंच हिचं काम," तो म्हणाला. "गाडी कमी चाललेली दिसते, विकताना भाव येतो. पहिल्या मालकाची करामत. गाडी सतराच देतेय, अण्णा." मग खाली बघत म्हणाला, "मी मघाशी जे विचारलं, ते विसर."

फकीरप्पानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्याचे खांदे हलायला लागले. नीलव्वाला वाटलं, रडतोय. तो हसत होता. चार महिन्यांचं एकदम हसत होता.

"अहो, म्हणजे शपथ नाही?"

"नाही."

"मग डबा काढा. भूक लागलीय मला."

त्या दगडापाशीच तिघं जेवले. भाकरी, शेंगाची चटणी, दही. सात महिन्यांत पहिल्यांदा नीलव्वाचं अन्न पोटात ठरलं. दावलसाबनं आपल्या वाटणीचं दही तिच्याकडे सरकवलं आणि ती नको म्हणाली नाही.

पहिला मालक कोण, हे तिघांनाही माहीत होतं. जेवताना कुणी नाव काढलं नाही.

सोमवारी मठात सगळी सोसायटी जमली होती. फकीरप्पा आला, तुमच्यासमोर उभा राहिला आणि ती डबी तुमच्या हातावर ठेवली.

"साहेब, गाडी तुम्ही सोसायटीला विकलीत, तेव्हा ही तुमची वस्तू आत राहून गेली. गद्दुगे समोरच आहे. आता हात कुणी ठेवायचा?"