हिरव्या बटणातली काडी

"काडी घातली व्हतीस ना?" जळक्या मोटारीचं झाकण उघडत अय्युब मिस्त्रीने विचारलं. आतली तांब्याची तार काळी ठिक्कर पडली होती.

धनाजी ओशाळला. "तुमीच शिकिवली की, चाचा."

ते खरं होतं. विजेचा नेम नाही, म्हणून स्टार्टरचं हिरवं बटण काडी ठोकून दाबून ठेवायचं. वीज आली की विहिरीवरची मोटार आपोआप सुरू. किकवीच्या ओढ्याकाठी निम्म्या शेतकऱ्यांना अय्युबनेच बांबूच्या काड्या तासून दिल्या होत्या. पण काडीवरच्या मोटारीला थांबणं ठाऊक नसतं. विहीर आटली तरी ती फिरत राहते आणि जळते. मग दुरुस्तीला येते अय्युबकडेच. मिस्त्रीचं बरं चाललं होतं.

मोटार टाकून धनाजी गेला आणि पुण्याच्या एसटीतून सानिया उतरली. अय्युबची ही मुलगी पुण्याला प्रयोगशाळेत काम करायची. आईच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आज तीच आणणार होती.

"अम्मी कुठंय?"

"आत. काय निघालं?"

सानिया बाकड्यावर बसली. जळकी तार नखाने खरवडत राहिली. "कॅन्सर आहे, अब्बा."

अय्युबने पक्कड खाली ठेवली. "कशानं व्हतो ह्यो?"

"पेशीच्या अंगावर बटणं असतात. बाहेरून निरोप आला की बटण दाबलं जातं. मग आतली प्रथिनं त्याच्या खाचेत येऊन बसतात आणि पुढं सांगतात, वाढा. काम झालं की उठतात. अम्मीच्या गाठीत बटण दाबलेलंच राहिलंय. ती प्रथिनं उठतच नाहीत."

"काडी," अय्युब म्हणाला.

सानियाने मान डोलावली.

"काढता येती?"

"औषध आहे. पण काखेतही गाठी निघाल्यात. केव्हापासून होतं हे?"

बायकोने, हलिमाने, त्याला दिवाळीतच गाठ दाखवली होती. गव्हाचं पाणी उरकू दे, मग जाऊ, असं अय्युबच म्हणाला होता. दारात तेव्हा जळक्या मोटारींची रांग होती. आता गहू निघून महिना झाला होता. त्याला स्वतःची किळस आली.

शेडमधला बल्ब पेटला. वीज आली होती. ओढ्याकाठच्या मोटारी एकामागून एक, कुणी हात न लावता, घरघरू लागल्या.

हलिमा चहा घेऊन बाहेर आली. "मिळाला का गं रिपोर्ट?"

सानिया बापाकडे बघत राहिली. अय्युब पक्कड घेऊन उठला.

"अहो, कुठं निघालात? चहा झालाय."

"आलो."

तो बांधाबांधाने ओढ्यावर गेला. पहिल्याच स्टार्टरच्या पेटीतली काडी त्याने पकडीत धरून उपसली, लाल बटण दाबलं. मोटार थांबली.

ती थांबली, तशा पलीकडच्या सगळ्या स्पष्ट ऐकू येऊ लागल्या.