फ्रिजातली हडळ

सुज्ञ वाचकहो, एका ग्रामीण कलावंताने अवघ्या गावाला एकाच पडद्यासमोर कसे बसविले, त्या विजयाची हकीकत मी येथे यथाशक्ती सादर करीत आहे.

"माह्या नाटकाले घरी कुत्रंही राहत नव्हतं," श्यामराव पुन्हा म्हणाले. "तुह्या पिक्चरले चार पोट्टे येतील, अन् तेही मोबाइलच पाहत बसतील."

हे बोलणे त्यांचा पुत्र हेमराज याला उद्देशून होते. श्यामराव म्हणजे एकेकाळी झाडीपट्टीच्या रंगभूमीवर राजाची भूमिका गाजविलेले नट. पुत्राने भ्रमणध्वनीवर चित्रपट निर्माण करावा, हे त्यांना कलेचे विडंबन वाटे. सारे गाव आले तरच आपण येऊ, एक जरी माणूस घरी राहिला तरी येणार नाही, अशी त्यांची अट होती. हेमराजने ती मान्य केली. पित्याच्या मुखातून एकदा तरी शाबासकी ऐकावी, एवढीच त्याच्या जन्माची आस होती.

चित्रपटाचे नाव 'फ्रिजातली हडळ'. तो भयप्रदही होता आणि विनोदीही. एका सुखी कुटुंबात नवा फ्रिज येतो. त्यात एक हडळ वास्तव्यास असते. मला एकटीला करमत नाही, वॉशिंग मशीन आणा, असे ती गोड वाणीने विनविते. मग कूलर मागते, मग भिंतीएवढा टीव्ही. एकेक वस्तू घरात येते आणि एकेक माणूस फ्रिजात जातो. आजोबांना ती भाजीच्या खणात ठेवते आणि त्यांच्यासोबत आजीलाही नेते, कारण एकावर एक फुकट.

हडळीची भूमिका हेमराजची पत्नी हर्षा हिने केली. वस्तूंच्या हव्यासावर असा आसूड ओढणारी कलाकृती कोंढ्यालगतच्या आमच्या टोलीत, म्हणजे लहानशा वस्तीत, निर्माण झाली, हे लिहिताना माझी लेखणी अभिमानाने थरथरते.

चित्रीकरण घरोघरी झाले. प्रत्येक गृहिणीने आपल्या वस्तू पुसून, वर विणलेले रुमाल घालून सज्ज ठेविल्या. शेजारच्या रत्नाबाईंनी तर हडळ आपल्याच फ्रिजातून निघावी असा हट्ट धरला. पलीकडचीचा फ्रिज लहान आहे, त्यात हर्षा मावायची नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. हर्षाने ते दोन दिवस मनाला लावून घेतले.

या कार्यात लाखनीच्या परसरामचे साहाय्य अनमोल ठरले. त्याचे टेम्पो महामार्गावर चालत. पडदा, प्रोजेक्टर आणि जनरेटर त्याने कलेच्या प्रेमापोटी विनामूल्य दिले. चित्रीकरणात प्रकाश नीट पडावा म्हणून जड वस्तू तो स्वतः उचलून हलवी आणि कोठे ओरखडासुद्धा पडू देत नसे. श्यामरावांच्या अटीने हेमराज खचला, तेव्हा धीरही त्यानेच दिला.

"दादा, तुमी फक्त माणसं आना," तो म्हणाला. "पडद्यामागचं सारं माह्यावर सोडा."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पावसाने उघडीप दिली. हेमराज प्रत्येक दारी गेला. कोणाला हात जोडले, कोणाचे रुसवे काढले. ज्या म्हाताऱ्याला उठवत नव्हते, त्याला खाटेसकट उचलून आणविले. सायंकाळी शाळेच्या पटांगणात पाय ठेवावयास जागा उरली नाही. श्यामरावांनी माना मोजल्यागत सभोवार पाहिले. मग धोतर सावरून ते पुढच्या रांगेत बसले.

परसरामने यंत्र सुरू केले आणि जनरेटर सांभाळावयास तो पडद्यामागे गेला. जनरेटरची धडधड मोठी होती. म्हणून हेमराजने भोंग्यांचा आवाज वाढविला.

लोक किंचाळले आणि लगेच हसले. आजोबा भाजीच्या खणातून मिरची मागतात, त्या प्रसंगी खाटेवरचा म्हातारा हसता हसता उठून बसला. शेवटी पडद्यावरील गावकरी हडळीला वेशीबाहेर काढतात. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे या तान्ह्या पोळ्यालाच, मारबत नावाच्या पुतळ्यासोबत रोगराईला, ईडापीडेला ज्या आरोळीने गावाबाहेर घालवितात, तीच आरोळी हेमराजने तेथे योजिली होती. पडद्यावर ती उठताच अवघे पटांगण उभे राहिले.

"फ्रिज, कूलर, घेऊन जा गे मारबत. टीव्ही, मिक्सर, घेऊन जा गे मारबत."

श्यामरावांचा आवाज सर्वांत वर होता. चित्रपट संपला तरी आरोळी थांबेना. त्यांनी आपल्या खांद्यावरील शेला काढून पुत्राच्या गळ्यात घातला.

"मी राजा झालो तं लोकं मले पाहत," ते म्हणाले. "तू तं लोकायले त्यायचंच तोंड दाखवलं. माह्यापेक्षा मोठा झाला रे तू."

हेमराज पित्याच्या पाया पडला. पितापुत्र खांद्याला खांदा लावून घराकडे निघाले. मागे सारे गाव आजोबांच्या मिरचीची नक्कल करीत चालले होते. असा मान आमच्या टोलीत यापूर्वी कोणाच्याही वाट्याला आला नव्हता.

हर्षा ओवाळणीचे ताट आणावयास पुढे गेली होती. ती रिकाम्या हाताने परतली.

"मामाजी, आपला फ्रिज जागेवर नाही," ती हळूच म्हणाली.

श्यामराव हसले. अंगातली हडळ अजून उतरली नाही काय, असे त्यांनी सुनेस विचारले. इतक्यात रत्नाबाई आपल्या दारात आल्या आणि आपलाही फ्रिज नाही, टीव्ही नाही, कूलर नाही, असे सांगू लागल्या. पलीकडच्या घरातून तोच निरोप आला. त्याच्या पलीकडूनही तोच.

श्यामरावांनी पुत्राचा खांदा धरला.

"हेमराज," ते म्हणाले, "सारं गाव तं माह्या डोळ्यासमोर बसलं होतं. परसराम कुठं बसला होता?"

येथवर सोबत केलेल्या सर्व वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.
आपला नम्र,
चंद्रकुमार कापगते