गच्चीवरची डिश

"दिसतंय का?" गच्चीवरून इसफंदियारने सातव्यांदा विचारलं.

"नुसत्या मुंग्या!" फरंगीस खिडकीतून ओरडली.

तिचा जीव मेटाकुटीला आला होता. परदेशातून चालणाऱ्या फारसी वाहिनीवर गाण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती, तीत त्यांची लेक गोलनार गाणार होती, आणि शिराझच्या वाऱ्याने नेमकी आजच डिश फिरवली होती. त्यात हा नवरा! पोरगी गाण्यासाठी देश सोडून गेली म्हणून चार वर्षं तिच्याशी बोलला नाही, आणि आज डिशला दुसऱ्या कुणाला हात लावू देईना.

अचानक चित्र लख्ख झालं. पडद्यावर गोलनार उभी होती.

"आली! खाली या लवकर!"

"हात सोडला की चित्र जाईल. तू बघ."

"अहो, डोक्याला ताप आहात नुसते!"

इराणात डिशवर सरकारची बंदी, म्हणून त्या घरात टीव्हीचा आवाज कायम बारीक असे. फरंगीसने खिडक्या सताड उघडल्या आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला.

गाणं संपलं तरी तो उतरेना, तेव्हा ती तणतणत वर गेली. डिशला तसाच कवटाळून उभ्या असलेल्या इसफंदियारने तिच्याकडे न बघताच विचारलं, "वाळलीय का गं पोर?"