लुगड्याचा बोळा

काटा पुन्हा लाल पट्ट्याकडे निघाला, तसा सुषमाचा जीव भांड्यात पडला.

तेल तापलं की तिचा नवरा हिलाल इंजिन बंद करायचा आणि उडणं पुढे ढकललं जायचं. लिंबायत वस्तीतल्या कापडाच्या लूम कारखान्यात फिटर असलेल्या या माणसाने पत्र्याच्या शेडमध्ये एकट्यापुरतं विमान बांधलं होतं. परवानगीही आली होती. घोडं अडलं होतं ते तेलापाशी. त्याने ऑइल कूलर बदलला, तेल बदललं, काट्याचं गेज बदललं, शेवटी स्वतःच्या हातालाच दोष दिला.

कूलरकडे वारा नेणारी पत्र्याची नळी विमानाच्या नाकाखाली होती. तिच्या वळणात त्याचा जाडजूड हात शिरत नसे. सुषमाचा शिरायचा. दर खेपेला ती आत जुन्या लुगड्याचा बोळा कोंबायची आणि तो हातपाय धुवायला गेला की गुपचूप काढून घ्यायची. नवरा चिडचिड करतो, पण रात्री घरी जेवायला असतो, एवढं तिला पुरत होतं.

दिंडोलीपलीकडच्या मैदानात आज मात्र त्याने इंजिन बंद केलं नाही. हेल्मेटचा पट्टा आवळला.

“काटा लालमा ग्या ना!” पंख्याच्या घरघरीत ती ओरडली. “बंद करा!”

“ऱ्हाऊ दे त्याले. जमीनवर वारा कमी पडस. वर गयं का तेल आपोआप थंड व्हई. आज मी उडसूच.”

वर गेल्यावरही ते थंड होणार नव्हतं, इंजिन हवेतच बंद पडलं असतं. हे फक्त तिला ठाऊक होतं. सांगावं तर त्याला तोंड कसं दाखवायचं? आणि न सांगावं तर? विमान हळूच पुढे सरकलं.

ती धावत जाऊन हात पसरून समोर उभी राहिली. इंजिन गचके खात बंद पडलं.

“मरानं शे का तुले?” तो खाली उडी मारत ओरडला.

तिने गुडघ्यांवर बसून तापल्या नळीत हात घातला. चटका बसला, तरी हात मागे घेतला नाही. कडेला करपलेला, हिरव्या काठाचा बोळा बाहेर आला.

हिलाल त्या काठाकडे बघत राहिला. ते लुगडं त्याच्या ओळखीचं होतं.

“कसाले वं?”

“तुमीन वर जावाले नको म्हनीसन.”

आता हात उगारतो की काय, असं तिला वाटलं. पण त्याचा चेहरा उजळला. कित्येक दिवसांनी तो असा हसत होता.

“म्हनजे मना काममा काहीच खोट नव्हती!”

त्याने तिच्या भाजलेल्या हातावर बाटलीतलं पाणी ओतलं. फुंकरही घातली. मग इंजिन गार होऊ दिलं, वर चढून बसला आणि पुन्हा सुरू केलं. काटा हिरव्या पट्ट्यात आला आणि तिथेच थांबला.

“आते दूर सरक,” तो म्हणाला.

बोळा मुठीत आवळून सुषमा काट्याकडे बघत होती. चढ रे, ती पुटपुटत होती, थोडा तरी चढ.