नवसाचं मांस

"याला मांस म्हणायचं?"

आ-बोकने डाव्या हातातल्या चमच्याने फोड उचलली आणि परत ताटलीत टाकली. रस्सा टेबलावर उडाला.

"मांसासारखं आहे," बी-श्या म्हणाली आणि फडक्याने डाग पुसला.

सकाळपासून ती त्यावरच होती. कणीक पाण्याखाली धुऊन धुऊन तिचा चिवट गोळा काढायचा, तो लाल तांदळाच्या पाण्यात रंगवायचा, की झाले मांस. चरबीच्या जागी कोहळ्याची पातळ चकती. वर कातडी म्हणून सोयाबीनच्या दुधावरच्या सायीचा पापुद्रा. सगळे दोऱ्याने बांधून सोयासॉस आणि चक्रीफुलात शिजत ठेवायचे. कांदा-लसूण मात्र नाही. नवसात तेही वर्ज्य होते.

"दिसतंय मात्र अगदी हुबेहूब, वहिनी," समोर बसलेला आ-सेंग म्हणाला. आ-बोकचा हा धाकटा भाऊ. बाजारात त्याचे शिजवलेल्या मांसाचे दुकान होते.

"हुबेहूब!" आ-बोकने तोंड वाकडे केले. अर्धांगवायूनंतर त्याचे शब्द एका बाजूने सांडत, टोमणे मात्र नीट येत. "सोडलंय ना? मग त्याचा आकार कशाला हवा? संन्यासिणीने चिंध्यांचा नवरा करून शेजारी झोपवावा, तसलं हे."

"तुझ्यासाठी करते. मला भाजीभात पुरतो."

"माझ्यासाठी! माझ्यासाठीच गाडी बंद केलीस ना? देवळामागच्या गल्लीत आपल्या मांस-भाताला रांग लागायची. आता लोक मला बघायला येतात, 'बरं आहे का आ-बोक' म्हणतात आणि जेवायला समोरच्याकडे जातात."

"मांस सोडलेल्या बाईने मांस विकायचं?"

"मला विचारून सोडलंस?"

"तू नाकात नळी घालून पडला होतास, म्हाताऱ्या. कोणाला विचारू? माझूदेवीला विचारलं. तीन वेळा लाकडं टाकली, तिन्ही वेळा कौल मिळाला. मी मांस तोंडात घालत नाही तोवर तू जगशील."

"लाकडाच्या दोन तुकड्यांवर माझा जीव टांगलास."

"राहिला ना टांगलेला? पडला तर नाही."

"जीव राहिला. पण जगणं कुठं राहिलंय? धुतलेलं पीठ चघळतोय!"

बी-श्या सूप आणायला आत गेली.

आ-बोकने सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. सकाळी आ-सेंगनेच ती त्याला चोरून आणून दिली होती. आत मांसाचे दोन तुकडे होते, काळ्याभोर रश्शात. भाऊ गुपचूप खाईल, एवढेच आ-सेंगला वाटले होते. पण आ-बोकने त्यातला एक चमच्यावर घेतला, बी-श्याच्या वाडग्यातली वरची फोड ताटलीत ढकलली आणि तिच्या जागी तो ठेवला. पिशवीची गाठ दातांनी कशीबशी आवळली आणि ती परत खिशात कोंबली.

"दादा, हे नको. वहिनीचा नवस—"

"गप. तिला कळायचंही नाही. मग बघू मी मरतो का."

बी-श्या सूप घेऊन आली. बसली. जेवणाच्या काड्यांनी तिने वरचा तुकडा उचलला आणि तोंडात घातला.

आ-सेंगने मान खाली घातली.

ती नेहमीपेक्षा हळू चावत होती. पण तिचे दातही आता पूर्वीचे राहिले नव्हते. तिने तो गिळला. मग भाताचा एक घास घेतला आणि त्यानंतर सूप.

"कसं लागलं?" आ-बोकने विचारले.

"बरं लागलं."

आ-बोक हसू लागला. त्याचा अर्धाच चेहरा हसत होता. "मांस होतं ते! याच्या दुकानातलं! खरंखुरं डुक्कर! जन्मभर मांस शिजवलं बाईने आणि ओळखू आलं नाही!" त्याला ठसका लागला, तरी तो थांबेना. "आणि हा बघ, मी बसलोय. मेलो का? बुडाला तुझा नवस. उद्या गाडी धुवायला काढ."

"वहिनी," आ-सेंग पुटपुटला, "आणून दिलं तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं की दादा..."

बी-श्याने काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

"कांदा करपवतोस तू, भावजी," ती म्हणाली. "आणि हे पोटाकडचं नाही, खांद्याचं मांस आहे. एवढं शिजवू नये."

रस्त्यावरून एक स्कूटर गेली.

"तुला कळलं?" आ-बोकने विचारले.

"पहिल्याच घासाला."

"मग थुंकलं का नाहीस?"

तिने काड्या पुन्हा हातात घेतल्या, वाडगा उचलला आणि टेबलावरून त्याच्यापुढे धरला.

"अजून आहे?" तिने विचारले.

आ-बोकने डावा हात छातीवरच्या खिशावर ठेवला आणि तो गच्च दाबून धरला. त्याच्या बोटांखालून काळसर डाग सदऱ्यावर हळूहळू पसरू लागला. वाडगा त्याच्यापुढे तसाच होता.