चार बोटं

गॅरेजमध्ये प्लायवूडची शिडाची होडी बांधणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली ‘कप्तान’ म्हणायची. रंधा मारता मारता तो समुद्रसफरीच्या बाता मारायचा. आज होडी बाहेर काढायला सगळे जमले, तर ती दारातच अडकली. चार बोटं जास्त रुंद भरली. कप्तानाने कपाळाला हात लावला.

“तोंड पाडू नका,” बायको म्हणाली. “मला कधीपासून दिसत होतं, म्हणून गवंड्याला बोलावून ठेवलंय. भिंत गेली तरी चालेल, पण तुम्ही आज पाण्यात उतरणारच.”

पहिला घाव बसला, विटा निखळल्या. कप्तान दोन पावलं मागे सरला.



पाण्याला घाबरणाऱ्या कप्तानाने ती चार बोटं दार मोजूनच जास्त ठेवली होती.